एल निनोची लस निघाली का, डॉक्टर?

जून २०२३. पाऊस लांबला होता आणि दवाखान्यात उन्हाने हैराण झालेल्यांची गर्दी होती. दर महिन्याला रक्तदाब तपासायला येणारे एक आजोबा पट्टा सोडता सोडता मला म्हणाले, "डॉक्टर, ते एल निनो का काय आलंय म्हणतात यंदा. टीव्हीवर रोज दाखवतात. त्याची लस निघाली का?"

हसू आलं, पण दाबलं. एकतर करोनानंतर टीव्हीवर रोज दिसणारं कुठलंही परकं नाव रोगाचंच असणार असं लोकांना वाटलं तर त्यात त्यांची चूक नाही. दुसरं म्हणजे प्रश्न वाटतो तितका वेडा नाही. एल निनो हा रोग नाही, पण गेल्या दीडशे वर्षांतल्या आपल्याकडच्या काही मोठ्या साथींच्या कहाणीत तो मागे कुठेतरी उभा असतो. आजोबांना दोन मिनिटांत जे सांगता आलं नाही, ते आज सविस्तर लिहितो.

नाव आलं कुठून?

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पेरू नावाचा देश आहे. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही तिथला समुद्र थंड असतो, कारण खोलवरचं गार पाणी तिथे सतत वर येतं. त्या पाण्याबरोबर तळाचं खतही वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर अँकोव्हेटा नावाची छोटी मासळी जगते आणि मासळीवर लाखो समुद्रपक्षी. दरवर्षी नाताळच्या सुमाराला काही आठवडे एक कोमट प्रवाह उत्तरेकडून येतो, मासळी कमी होते आणि कोळी जाळी दुरुस्त करत घरी बसतात. पाइता बंदराच्या खलाशांनी या प्रवाहाला 'एल निनो' म्हणजे 'तो बाळ', बाळ येशू, असं नाव दिलं होतं. १८९२ मध्ये कॅमिलो कॅरिलो नावाच्या नौदल कप्तानाने लिमाच्या भूगोल मंडळापुढे ते नोंदवलं. इतकं गोजिरवाणं नाव पुढे दुष्काळाला चिकटेल असं त्या खलाशांना वाटलंही नसेल.

काही वर्षी मात्र हा पाहुणा नाताळ संपला तरी हलत नाही. पाणी महिनोन्‌महिने गरम राहतं, मासळी नाहीशी होते, पक्षी उपासमारीने मरतात आणि पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावर धो धो पाऊस कोसळून पूर येतात. आज आपण एल निनो म्हणतो तो हा मोठा.

असं का होतं? मोठ्या परातीत पाणी घ्या आणि एका कडेने सतत फुंकर घाला. पाणी पलीकडच्या कडेला चढतं. प्रशांत महासागरात ही फुंकर म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे व्यापारी वारे. वरचं तापलेलं पाणी ते इंडोनेशियाकडे ढकलतात. तिथली समुद्राची पातळी पेरूपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते आणि पाणी कितीतरी अंश अधिक गरम. गरम पाण्यावर हवा वर चढते, ढग होतात, पाऊस पडतो. दर दोन ते सात वर्षांनी कधीतरी ही फुंकर मंदावते. मग साठलेलं गरम पाणी पूर्वेकडे पसरतं, त्याच्यामागे ढगही सरकतात आणि आपल्या बाजूला हवा वर चढण्याऐवजी खाली बसू लागते. खाली बसणारी हवा पाऊस देत नाही. उलट, वारे नेहमीपेक्षा जोरात वाहिले, पेरूकडचं पाणी आणखी थंड झालं, की ती 'ला निना'. तिच्या वर्षी आपल्याकडे बहुधा पाऊस चांगला होतो.

हे सगळं मी चार ओळींत सांगितलं. माणसाला ते कळायला शंभर वर्षं लागली आणि त्या शंभर वर्षांची सुरुवात आपल्या दारात झाली.

सव्वा पौंडाची लढाई

१८७६ चा पाऊस दख्खनमध्ये फसला. पुणे, सोलापूर, नगर, सातारा, विजापूर, धारवाड, खाली मद्रास आणि म्हैसूर, सगळीकडे पिकं गेली. पुढच्या वर्षी प्रशांत महासागर भयंकर तापला. १८७७ चा मान्सून देशभर सुमारे ३० टक्के कमी पडला. मोजमाप सुरू झाल्यापासून इतका वाईट मान्सून दुसरा नाही. त्याच काळात उत्तर चीनमध्ये आणि ब्राझीलच्या ईशान्य भागातही दुष्काळ होता, पण या तिघांचं काही नातं असेल हे कुणाच्या ध्यानी येणं शक्य नव्हतं.

दुष्काळी कामांवर मजुरी किती द्यायची हे ठरवायला व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपल यांना पाठवलं. हे टेंपल तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळावर होते. तेव्हा त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला आणि फारच थोडे लोक दगावले. त्याबद्दल शाबासकी मिळायची तर उधळपट्टी केली म्हणून त्यांच्यावर टीका झाली. पोळलेल्या टेंपलनी या वेळी हात इतका आखडला की धडधाकट पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा एवढीच मजुरी पुरेशी आहे असं ठरवून टाकलं.

आता डॉक्टर म्हणून हिशोब करतो. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. तांदूळ असो की ज्वारी, त्यातून मिळतात १,५०० ते १,६०० कॅलरी. दिवसभर खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या पुरुषाला ३,००० च्या पुढे लागतात. एका आण्यात दुष्काळी भावाने काय येणार? म्हणजे जो माणूस पोट भरण्यासाठी कामावर आला, तो कामामुळेच रोज थोडा थोडा झिजणार.

हे तेव्हाही एका डॉक्टरला दिसलं. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. विल्यम कॉर्निश यांनी टेंपलना उघड विरोध केला. दीड पौंड धान्य हवंच, वर डाळ आणि भाजी हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. निव्वळ धान्यावर माणूस काही दिवस तगेल, पण अतिसार आणि अंगावरची सूज त्याला घेऊन जाईल, हे छावण्या पाहणाऱ्या डॉक्टरला वेगळं शिकवावं लागत नाही. शेवटी मार्च १८७७ मध्ये मद्रास सरकारने धान्य सव्वा पौंडावर नेलं आणि थोडी डाळ दिली. अर्धीच जीत, पण एका डॉक्टरने व्हाइसरॉयच्या माणसाविरुद्ध लेखी भांडून मिळवलेली. कॉर्निश यांचं नाव मी एमबीबीएसच्या कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही. रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राच्या पहिल्या धड्यात ते असायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

इकडे मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कमी मजुरीवर राबायला नकार देऊन कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला धाडली. जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजातर्फे धनकवडीला मुलांसाठी अन्नाची सोय केली. हे सगळं चालू असताना देशातून धान्याची निर्यात चालूच होती.

मृत्यूंचे आकडे वेगवेगळे मिळतात. ब्रिटिश मुलखातले ५५ लाख हा बऱ्याच ठिकाणी येणारा आकडा आहे, संस्थानं धरली तर तो आणखी वाढतो. पण हे सगळे लोक भुकेने गेले असं समजू नका. दुष्काळात माणसं बहुतेक वेळा भुकेच्या अखेरच्या टोकापर्यंत पोचतच नाहीत, त्याआधीच त्यांना रोग गाठतो. आटलेल्या विहिरींवर गर्दी झाली आणि कॉलरा, हगवण पसरली. छावण्यांत देवी. आणि १८७७ च्या उत्तरार्धात एकदाचा पाऊस आला, तेव्हा लोकांना हायसं वाटायच्या आतच हिवतापाने उरलेल्यांना धरलं. डबकी भरली, डास वाढले आणि माणसांच्या अंगात झुंजायला काही उरलं नव्हतं. पाऊस आला म्हणजे दुष्काळ संपला, हा सरकारी हिशोब होता. शरीराचा हिशोब पुढे कितीतरी महिने चालतो.

या दुष्काळानंतर चौकशी आयोग बसला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. दुसरा प्रश्न उभा राहिला तो असा की, पाऊस फसणार हे आधी कळू शकतं का?

सिमला ऑफिसचे गणिती

भारतीय हवामान खातं १८७५ मध्ये, म्हणजे दुष्काळाच्या अगदी उंबरठ्यावर सुरू झालं होतं. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. हिमालयात बर्फ जास्त पडलं की पुढचा मान्सून कमजोर होतो, असं त्यांचं निरीक्षण होतं आणि त्यावरून १८८६ पासून अंदाज देणं सुरू झालं. अंदाज कधी जुळायचे, कधी नाही.

१९०४ मध्ये या खात्याच्या प्रमुखपदी आले गिल्बर्ट वॉकर. हवामानाचा त्यांना गंध नव्हता. केंब्रिजचे गणिती, बूमरँग कसं उडतं यावर अभ्यास केलेले, बासरीचे शौकीन. (१९१३ मध्ये मद्रासच्या एका कारकुनाच्या वह्या पाहून त्याला शिष्यवृत्ती द्यावी अशी शिफारस विद्यापीठाला करणारे वॉकर ते हेच. तो कारकून म्हणजे रामानुजन.) वॉकरनी सिद्धांत मांडायच्या भानगडीत न पडता जगभरच्या वेधशाळांचे हवेच्या दाबाचे, पावसाचे, तापमानाचे आकडे मागवले आणि भारतीय कारकुनांच्या फौजेकडून हाताने त्यांचे परस्परसंबंध काढून घेतले. संगणक नव्हता. आकडेमोड वर्षानुवर्षं चालली.

त्यातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो कमी होतो, आणि तिकडे घटला की इकडे वाढतो. बागेतल्या सी-सॉसारखं. १९२४ मध्ये वॉकरनी याला 'सदर्न ऑसिलेशन' असं नाव दिलं. पण सी-सॉ हलवतं कोण, हे त्यांना सांगता आलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी लक्षणसमूह अचूक टिपला, पण रोगाचं मूळ सापडलं नाही. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला हललं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात आणि बसचा कंडक्टरही तेच नाव पुकारतो.

वॉकर आकडे जुळवत असतानाच १९१८ साल आलं. पुन्हा एल निनो, पुन्हा शतकातल्या सर्वांत वाईट मान्सूनांपैकी एक. त्याच पावसाळ्याच्या शेवटी मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट आत शिरली. आपल्याकडच्या जुन्या लोकांनी तिला मानमोडी म्हटलं. देशात निदान सव्वा कोटी माणसं गेली, काही अंदाज त्याहून बरेच वर जातात. मुंबई इलाख्याला फार मोठा फटका बसला. विषाणू समुद्राने तापवला नव्हता, तो महायुद्धाच्या जहाजांतून आला. पण तो ज्या घरांत शिरला त्या घरांतली कणगी रिकामी होती.

पंजाबात तोवर डॉ. क्रिस्टोफर्स यांनी १९०८ च्या हिवतापाच्या महासाथीचा अभ्यास करून दाखवलं होतं की नुसता पाऊस पुरत नाही. आधीच्या टंचाईने धान्य महाग झालेलं असेल आणि मग धो धो पाऊस झाला, तर साथ भडकते. १९२० च्या दशकात डॉ. गिल यांनी त्यावरून साथीचा अंदाज देण्याची पद्धत बसवली. पावसाचे आकडे, धान्याचे भाव आणि शाळकरी मुलांच्या पोटावर हात ठेवून मोजलेल्या वाढलेल्या प्लीहा. मला या शेवटच्या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. उपग्रह नाही, संगणक नाही, मुलाच्या बरगडीखाली चार बोटं. पुढे १९९६ मध्ये मेन्नो बाउमा आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे जुने आकडे प्रशांत महासागराच्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा एल निनोनंतरच्या वर्षी पंजाबात साथीची शक्यता सुमारे पाचपट असल्याचं दिसलं.

दोन टोकं जुळली

पेरूच्या कोळ्यांचा गरम प्रवाह आणि वॉकरचा सी-सॉ ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, हे १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने दाखवलं. १९५७-५८ मध्ये जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून पृथ्वीची मोजमापं केली, योगायोगाने त्याच वर्षी एल निनो होता, आणि त्या आकड्यांनी कोडं सोडवायला मदत केली. समुद्र तापतो म्हणून वारे मंदावतात, वारे मंदावतात म्हणून समुद्र आणखी तापतो. हवेच्या या महाचक्राला ब्यर्कनेसने 'वॉकर सर्क्युलेशन' असं नाव दिलं.

तीनच वर्षांनी त्याची प्रचीती आली. १९७२ चा एल निनो. पेरूत मासेमारी कोसळली, १९७० ला १ कोटी २० लाख टनांवर गेलेली मासळी १९७३ ला २० लाखांच्या आसपास आली. महाराष्ट्रात आधीच दोन वर्षं कोरडी गेली होती, त्यावर हे तिसरं आलं. बहात्तरचा दुष्काळ. आमच्या पिढीने तो पाळण्यातून पाहिला, पण घराघरांत त्याच्या गोष्टी ऐकल्या. रेशनचा तांबडा मिलो, ज्याची भाकरी थापली तर तुटायची. खडी फोडण्याची कामं. आणि सुकडी. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. हाल झाले, गुरं गेली, कुपोषण झालं, पण १८७७ सारखा मृत्यूंचा खच पडला नाही. टेंपलच्या एक पौंडापासून रोजगार हमीपर्यंतचं अंतर पाहायचं असेल तर या दोन दुष्काळांतल्या आरोग्याच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्यात.

१९८२ ला मात्र शास्त्रज्ञ फसले. मेक्सिकोत एल चिचोन ज्वालामुखी फुटला, त्याची धूळ आकाशात पसरली, उपग्रहांना समुद्राचं तापमान नीट दिसेना आणि शतकातला एक मोठा एल निनो नाकासमोर वाढत असताना कुणाला पत्ता लागला नाही. त्यातून धडा घेऊन प्रशांत महासागरात सुमारे ७० तरंगती यंत्रं नांगरली गेली, ५०० मीटर खोलपर्यंतचं तापमान कळवणारी. १९९४ मध्ये ती मालिका पूर्ण झाली. अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरसारखी ती रात्रंदिवस चालू असते.

कॉलऱ्याचा प्रश्न

१९९१ च्या जानेवारीत पेरूच्या बंदरांत कॉलरा उद्भवला. त्या खंडात विसाव्या शतकात तोवर तो आलाच नव्हता. पहिल्या वर्षात एकट्या पेरूत तीन लाखांहून अधिक रुग्ण. रिटा कोलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ पूर्वीपासून सांगत होत्या की कॉलऱ्याचा जंतू समुद्रातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो आणि पाणी तापलं की वाढतो. साहजिकच एल निनोकडे बोट गेलं. गोष्ट इतकी आकर्षक आहे की अनेक लेखांत ती सिद्ध झाल्यासारखी येते. पण पुढे जंतूंच्या जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा ती जात आफ्रिकेतून, म्हणजे माणसांबरोबर आल्याचं दिसलं. शिवाय त्या वेळचा एल निनो खरा वाढला तो त्या वर्षाच्या उत्तरार्धात. गरम पाण्याने आगीत तेल ओतलं असेल, काडी कुणी दुसऱ्याने लावली. बांगलादेशातल्या कॉलऱ्याचे चढउतार आणि एल निनो यांचं नातं मात्र दीर्घ काळच्या नोंदींत दिसतं.

पेरूत तीन लाखांतले सुमारे तीन हजार गेले, म्हणजे शंभरात एक. उपचार न मिळालेल्या गंभीर कॉलऱ्यात निम्मे दगावतात. फरक केला तो जलसंजीवनीने, तेच साखर-मिठाचं पाणी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवलं होतं.

१९९७-९८ चा पुरावा अधिक पक्का आहे. लिमाच्या बालरुग्णालयात त्या वर्षी थंडीच्या दिवसांतही हवा नेहमीपेक्षा ५ अंशांपर्यंत गरम होती आणि जुलाबाने दाखल होणाऱ्या मुलांची संख्या दुप्पट झाली. तापमान १ अंश वाढलं की रुग्ण ८ टक्क्यांनी वाढत होते.

त्याच वर्षी आपल्याकडे मात्र सगळ्यांची फजिती झाली. इतका दांडगा एल निनो, म्हणजे दुष्काळ ठरलेलाच, आणि १९९७ चा पाऊस सरासरी गाठून गेला! पुढे हिंदी महासागरातही पूर्व-पश्चिम असाच सी-सॉ असल्याचं १९९९ मध्ये मांडलं गेलं, त्याला 'इंडियन ओशन डायपोल' म्हणतात. तो त्या वर्षी आपल्या बाजूने झुकला होता. उलट २००२ चा एल निनो लहानसा, पण मान्सून कोलमडला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या कृष्ण कुमार आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की गरम पाणी प्रशांतच्या मध्यावर असेल तर ते आपल्याला अधिक जाचतं, पेरूजवळ असेल तर कमी. त्यांच्याच १३२ वर्षांच्या नोंदींत प्रत्येक तीव्र दुष्काळाबरोबर एल निनो होता, पण प्रत्येक एल निनोबरोबर दुष्काळ नव्हता. म्हणून टीव्हीवर ते नाव ऐकून घाबरू नका, आणि मागच्या वेळी काही झालं नाही म्हणून दुर्लक्षही करू नका.

आजोबांना मी त्या दिवशी एवढंच म्हणालो की लस नाही, कारण तो रोग नाही, तो समुद्राचा ताप आहे. त्यांनी मान हलवली. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबरात आजोबा आले ते नातवाला घेऊन. पोराला चार दिवस ताप, डोळ्यांमागे दुखणं, प्लेटलेट उतरलेल्या. डेंग्यू.

"गावात पाऊस नाही, डबकं नाही, डास आले कुठून?" आजोबांचा सवाल.

मी विचारलं, पाणी कसं येतं. टँकर आठवड्यातून एकदा येतो म्हणाले, म्हणून घरात पाच पिंप भरून ठेवतो.

"झाकणं आहेत?"

"दोनाला आहेत."